काकांच्या कानांवरचा आळ

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं आधी सांगतो, मग बाकीचं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या, नवरा गेल्यावर एकट्याच राहणाऱ्या काकू. त्या दिवशी त्या वर आल्या नसत्या, तर चांगल्या कानाच्या माणसाला माझ्यामुळं मशीन लागलं असतं.

शहर तेव्हा औरंगाबादच होतं. मी किनवटच्याही पलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. वाळूजला कंपनीत होतो. दुष्काळात कंपन्यांचं पाणी कमी केलं आणि आमची शिफ्टच बंद झाली. मग बीड बायपासला एका रिटायर काकांच्या घरी राहून काम धरलं. स्वयंपाक, औषधं आणि पाणी भरणं. त्यांची बायको वारलेली, मुलगा परदेशात. आजूबाजूला नव्या बिल्डिंगी भराभर वर जात होत्या, पण नळ कुणालाच नव्हता. टँकर येईल तेव्हा खरं.

मुलानं जाताना हॉलमधल्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून दिला होता. सहा स्पीकर. पुढं तीन, सोफ्यामागं दोन, आणि घुमायला एक मोठा खोका. काका रोज चारला पिक्चर लावायचे. घरात बोलण्याचा आवाज काय तो तेवढाच. मी बोलायचो नाही. बोललो तर काहीतरी चुकेल, चुकलं तर काम जाईल, ही धास्ती. "हो काका" आणि "वाढलंय काका", दिवसभरात एवढंच.

एकदा पिंपं ठेवायला जागा हवी म्हणून मी कॉम्प्युटरचं टेबल सरकवलं आणि वायरी काढल्या. मागच्या तीन पिना अगदी सारख्या. मुलानं प्रत्येकीला नाव लिहून चिठ्ठी बांधली होती, पण पाणी सांडलं आणि चिठ्ठ्यांचा लगदा झाला. तशी इंग्रजी चिठ्ठी मला किती वाचता आली असती, तेही आहेच. पुढून गाणं वाजेपर्यंत पिना अदलाबदल केल्या. गाणं वाजलं. सुटलो, म्हटलं. चार पिंपं सोफ्यामागं ओळीनं लावली.

चार दिवसांनी काका म्हणाले, "अरे, हल्ली हे लोक पुटपुटतात का?" त्यांनी आवाज वाढवला. गाड्या, दारं, बाजा सगळं दणाणलं, माणसं मात्र नुसतं तोंड हलवत होती. गाणी त्यांना नीट ऐकू यायची, पण ती तर त्यांची पाठच होती. "गेले रे माझे कान," म्हणाले. "वडिलांचेही असेच गेले." मी स्वयंपाकघरातून "हो काका" म्हटलं.

मग एकदा चहा द्यायला गेलो आणि पडद्यासमोर उभा राहिलो. मलाही शब्द कळेना. तेव्हाच लक्षात आलं. चूक वायरीची होती, माझी होती. पण सांगायला तोंड उघडेना. काकांनी पिक्चर लावणं सोडलं. चार वाजले की बंद टीव्हीसमोर बसून राहायचे. औरंगपुऱ्यात जाऊन कानाच्या मशीनसाठी माप देऊन आले. तिथला माणूस म्हणाला होता, वयाच्या मानानं थोडं कमी आहे, एवढंच. काकांनी त्यातलं 'कमी आहे' तेवढंच ऐकलं. सोमवारी मशीन मिळणार होतं.

शनिवारी काका बँकेत गेले तेव्हा मी टेबलामागं शिरलो. काकू टँकरचं विचारायला आल्या.

"काय रे, बिळात शिरलास का?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाय. पण लाईन कळती. एका वेळी एकच तपासायची. तू तिकडून वाजव, मी इथं बसते."

त्या काकांच्या जागेवर बसल्या. पडद्यावर सगळ्या स्पीकरांचं चित्र यायचं. ज्याच्यावर दाबू त्यातून 'टुंग' व्हायचं. मला कामावर ठेवून जाताना मुलानं हे दाखवलं होतं.

"पुढचा डावा," मी म्हटलं.

"बरोबर."

"उजवा."

"तोही बरोबर."

"पुढचा मधला."

काकूंनी एकदम मान मागं वळवली. "अगं बाई! हा तर पिंपाआडून बोलतोय!"

पिक्चरमधलं सगळं बोलणं त्या मधल्या स्पीकरातून यायचं. ते सोफ्यामागं, भरल्या पिंपांच्या आड जाऊन बसलं होतं.

"दोन लायनी उलट लागल्यात," काकू म्हणाल्या. "आमच्याकडं डॉक्टरांचे फोन भुसार दुकानात जायचे, तसं."

त्या दोन पिना बदलल्या. पिक्चर लावला. पडद्यावरचा माणूस समोरून, स्पष्ट बोलला.

मी म्हटलं, "काकांना नाय सांगितलं तर? सोमवारी मशीन येईल. त्यानंच ऐकू आलं असं वाटेल त्यांना."

"आणि चांगल्या कानात जन्मभर ते घालून बसतील. चालेल तुला?"

"मग तुम्हीच सांगा ना."

"मी नाय सांगणार. पण बसते इथं. चहा टाक."

काका आले. मी उभ्यानंच सांगितलं, खाली बघून. काकू चहा पीत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

"तुला कधीपासून माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस मी बाथरूममध्ये मोठ्यानं बोलून बघतोय, ऐकू येतं का ते. दुसरं कोण आहे इथं बोलायला?" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "लाव तो पिक्चर. आणि इथं बस. रोज चार शब्द बोलत जा गाढवा, म्हणजे कान खरंच गेले तर कळेल तरी मला."

मशीन त्यांनी फोन करून नको म्हणून कळवलं. मी तिथं आणखी सहा वर्षं काढली, काका जाईपर्यंत.

काकू आता नाशिकला लेकीकडं असतात. मध्यंतरी फोनवर म्हणाल्या, "मला माझ्या घरी परत जायचंय रे. पण लेकीला कसं सांगू? वाईट वाटंल तिला." मी सांगितलंय, तुमचं ठरलं की एक फोन करा. सुट्टी काढून येईन. सांगायचं तुम्हीच, मी मध्ये बोलणार नाही. पण तुमचं सांगून होईपर्यंत शेजारी बसून राहीन.