पाणी चढतंय, काटा चढेना

सर्व संबंधितांना, विशेषतः आमच्या चाकांवरच्या घराला नाकं मुरडणाऱ्या नातेवाइकांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दोन पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि यजमानांच्या आत्या यांच्यासह आमचं हे घर डहाणूच्या समुद्राला अर्पण होण्याच्या बेतात होतं.

घर म्हणजे कुठल्याशा कारखान्याची, कामगारांना ने-आण करणारी जुनी बस. तलासरीत हायवेलगतच्या एका गॅरेजमागे ती गंजत उभी होती आणि यजमान तिच्या प्रेमात पडले. बाकं निघाली, पलंग आले. फक्त म्हाताऱ्या बसच्या अंगात हवा टिकत नव्हती. असल्या बसचे ब्रेक हवेवर चालतात आणि त्यांची तऱ्हा उलटी: टाकी हवेने भरली तर मागची चाकं मोकळी, हवा गेली की ब्रेक त्यांना आवळून बसतात. गॅरेजवाल्याने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला, जिथे बुडबुडा फुगला तिथला जोड बदलला आणि म्हणाला, "आता बेफिकीर फिरा, शेठ."

आत्यांचा गॅरेजवाल्यावर विश्वास नव्हता. त्या दर शनिवारी बसला लिंबू-मिरची बांधत. बाहेर टांगलं तर पोरं पळवतात, म्हणून पुढच्या जाळीतून हात आत घालून, तारेने, चांगलं करकचून.

त्या दिवशी आत्यांना समुद्रात पाय बुडवायचे होते आणि गुडघे चालू देत नव्हते. ओहोटी होती. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक. यजमानांनी बस सरळ खाली, पाण्याच्या तोंडाशी नेऊन उभी केली. आत्यांनी पाय बुडवले, आम्ही तळलेले बोंबील आणि भात हाणला आणि तिघंही आडवे झालो.

जाग आली ती एका मासेवालीच्या हाकांनी. ती वर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती.

"ओ ताई! घर हलवा तुमचं! भरती लागली! पाणी त्या सुरूच्या झाडांपर्यंत जातं इथं!"

यजमानांनी इंजिन सुरू केलं. डॅशबोर्डवरची शिट्टी केकाटू लागली. हवेचा काटा पार तळाला. आम्ही घोरत होतो तेवढ्यात टाकी रिकामी झाली होती.

"भरेल आता," यजमान म्हणाले.

काटा उठला, चारपर्यंत आला आणि तिथेच अडला. ब्रेक सुटायला सहा लागतात. इंजिन जेवढी हवा भरत होतं तेवढी कुठून तरी निसटत होती.

"ट्रॅक्टर बोलावू का? होड्या ओढतो तो," मासेवाली खाली येऊन म्हणाली.

"चाकं जाम आहेत. ओढली तर जागेवरच रुतेल." यजमानांनी मगात भांड्यांचा साबण कालवला, दाढीचा ब्रश घेतला आणि ते बसखाली शिरले. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. काम एकच: काटा वाचायचा.

"चार!" मी ओरडले. खालून ब्रश फिरल्याचा आवाज. "चारच!" मग थोड्या वेळाने, "अहो, साडेतीन!"

"ओरडू नकोस, ऐकू दे!" पण लाटांच्या गाजेत फुसफुस ऐकू येणार कशी? गॅरेजवाल्याचा एकेक सांधा तपासून झाला. एकही बुडबुडा फुगेना. पुढच्या चाकांना पहिली लाट शिवून गेली. बसमध्ये आमचं सगळं होतं. वसईचं घर भाड्याने देऊन आम्ही यातच राहायला निघालो होतो.

"आत्या, तुम्ही उतरा बरं," मी म्हटलं.

"मी नाही उतरत. दृष्ट लागलीय. मी बोलले होते, पण इथे माझं ऐकतं कोण?"

"मावशी, खाली या, नाहीतर तुम्हाला जाळ्यात घालून न्यावं लागेल," मासेवाली म्हणाली. आत्या उतरल्या. मासेवालीचा हात धरून घोटाभर पाण्यात बसच्या नाकासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून जाळीत बघू लागल्या.

"बघ रे," त्या भाच्याला म्हणाल्या, "मिरच्या कशा थरथरताहेत! दृष्ट काढताहेत बिचाऱ्या."

यजमान बसखालून बाहेर आले. गुडघ्यांवर बसले, तर पाणी मांड्यांना लागलं. जाळीच्या आत वारा शिरत नव्हता आणि मिरच्या मात्र एका बाजूला फडफडत होत्या. त्यांनी हात लांबवून ब्रश टेकवला. लिंबाएवढा फुगा फुगला आणि फुटला.

टाकीकडून ब्रेककडे जाणारी नळी तिथून जात होती. लिंबाची तार नेमकी तिलाच बांधलेली. तलासरी ते डहाणू खड्डेच खड्डे. तारेने नळी घासून घासून भोक पाडलं होतं.

"रबर! कुणाकडे रबर आहे?"

मासेवालीने स्कूटरला माशांचा क्रेट बांधायचा ट्यूबचा पट्टा धावत जाऊन आणला. "कापू नका हां! परत द्या!"

यजमानांनी पट्टा नळीभोवती गुंडाळला. बांधायला काही हवं होतं. त्यांनी लिंबू समुद्रात भिरकावलं, तीच तार सोडवली आणि तिनेच पट्टा आवळला. लाट त्यांच्या कमरेवर फुटली.

"साडेचार!" मी किंचाळले. "पाच! अहो, पाच!" मग काटा थांबला. आत्यांनी डोळे मिटले. "सहा!"

यजमान ओलेचिंब धावत आले, मला ढकलून बसले, ब्रेक फुस्सकन सुटले आणि आमचं घर उलट्या पावली, माजघरासकट, सुरूच्या झाडांपलीकडे गेलं.

तिथे यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदा आत्यांना जाब विचारायचं धाडस केलं. जाळीत बोट घालून ती तार दाखवली, ती कुठे बांधली होती आणि तिने काय केलं, सगळं सांगितलं. मासेवालीही ऐकत थांबली होती, पट्टा परत हवा होता ना.

आत्यांनी तार नीट निरखून पाहिली, पदर खोचला आणि म्हणाल्या:

"माझी तार नसती, तर आज बुडाला असतात!"