जपून चालणारे काका

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या शेजारी मुलीकडे राहायला आलेले काका फार जपून चालत. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, पण सरकारी आरोग्यविम्यासाठी इथे पाच वर्षं राहावं लागतं आणि त्यांची अजून व्हायची होती. "तोवर आपल्याला आजारी पडायची परवानगी नाही," असं ते हसत सांगत. पायरी उतरतानाही कठडा सोडत नसत.

एका सकाळी माझी छोटी सायकलवरून उतारानं थेट रस्त्याकडे निघाली. समोरून गाडी येत होती. काका धावले, त्यांनी तिला ओढून घेतलं आणि स्वतः हातावर आपटले. मनगट मोडलं.

छोटीला मागच्या सीटवर बसवून काकांना गाडीतून क्लिनिकला नेताना मला रडू आवरेना. "काका, तुमचा तर इन्शुरन्सही नाही..."

"अगं, हळू बोल," ते म्हणाले. "पोर आत्ता कुठे झोपलीय."