बाईंच्या आवाजातल्या शुभेच्छा

माणसाला झोप यावी तरी कुठे! कॉलेजच्या रेडिओच्या स्टुडिओत, भर दुपारी, टेबलावर हात आणि हातावर डोकं ठेवून रुचिराचे डोळे मिटू लागतात तेव्हा तिच्या नाकाशी माइकचा स्पंज असतो. बातम्या वाचायला शिकणाऱ्या पोरापोरींनी त्यात किती थुंकी उडवली असेल देव जाणे. तो कुणी धुतल्याचं ऐकिवात नाही. वडापाव, बडीशेप आणि न वाळलेलं फडकं असा एकत्र वास त्याला येतो. तिला मळमळतं. पण मळमळण्याचं खरं कारण स्पंज नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

खरं कारण तिनेच सकाळपासून तुकडे जोडून तयार केलंय. या खोलीत मुलांना बोलायला शिकवणाऱ्या साबणेबाई गेल्या महिन्यात वारल्या. त्याच्या आधीच संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी 'म्हातारा आवाज नको' म्हणून त्यांचा तास बंद करून टाकला होता. आज त्याच दादासाहेबांचा वाढदिवस. आणि रेडिओचं काम पाहणारे कुंटे सर म्हणतात, "बाईंचं रेकॉर्डिंग ढीगभर पडलंय. एक शब्द इथला उचल, एक तिथला. आज चारच्या प्रसारणात बाईंच्याच आवाजात शुभेच्छा गेल्या पाहिजेत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, बरं का! पुढच्या वर्षी केंद्रप्रमुख तूच." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, हे तिने ऐकलं होतं. ते घुसळून देणारी आपणच, हे मात्र नवीन आहे.

हेडफोनमधली खरखर लांब जाते. पायांना काहीतरी ओलं लागतं.

"पाय वर घे," साबणेबाई म्हणतात.

बाई समोरच बसल्या आहेत, चष्मा कपाळावर चढवून. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेत, त्यांत आता खरी अंडी आहेत आणि ती फुटून वाहताहेत. बलक जमिनीवर साचतोय. रुचिराला नवल वाटत नाही, नुसती शिसारी येते.

"बाई, कशा आहात?"

"तुकड्या-तुकड्यांत. तूच केलेस ना?"

आता ती खोली कँटीनची मोरी आहे. उष्ट्या ताटांच्या ढिगात, गार तेलकट पाण्यात, बाई कोपरापर्यंत हात घालून चाचपताहेत.

"काय शोधताय?"

"माझे श्वास. वाक्याआधी घेतलेला, वाक्यामधला. सगळे कापून फेकलेस तू."

"सर म्हणाले, श्वास ऐकू आला की जोड कळतो."

"श्वास न घेता बोलणारी बाई! मेलेलीच वाटणार की गं." त्या खरकट्यातून काहीतरी बुळबुळीत उचलतात, नळाखाली धरतात आणि पदरात बांधतात.

"शी!" रुचिराच्या तोंडून निघतं.

"शी काय? तुझ्याच हातचं आहे."

मोरीपलीकडे कॉलेजचं सभागृह आहे. दादासाहेब स्टेजवर बसून दोन्ही हातांनी केक खाताहेत, क्रीम मनगटावरून बाहीत ओघळतंय. खाली बसलेले लोक टाळ्या वाजवताहेत आणि प्रत्येक टाळीबरोबर हात चिकटून सुटल्याचा आवाज येतोय. साबणेबाई माइकपाशी उभ्या आहेत. बोलायला त्यांचं मन नाही, तोंड मात्र उघडतं.

"आदरणीय," त्या म्हणतात. हे हसऱ्या आवाजात, कुठल्याशा सत्काराच्या वृत्तातलं. मग "दादासाहेब", आणि आवाज एकदम खाली जातो. जड, हळू, मान झुकवल्यासारखा. मग "यांना" पुन्हा भरभर, हवामानाच्या बातमीतलं.

बाई माइक हाताने झाकतात. "हे नाव कुठून घेतलंस?"

"निधनाच्या बातमीतून, बाई. तुम्ही सरावाला वाचून दाखवली होती, कुणी दुसरेच दादासाहेब होते. बाकी कुठे सापडलं नाही हे नाव."

"आणि तशा बातमीला मी काय सांगत असे?"

"आवाज एक पायरी खाली."

"म्हणजे जिवंत माणसाला मी निधनाच्या सुरात ओवाळायचं?"

रुचिराला हसू फुटतं. बाई हसत नाहीत.

"दात काढू नकोस. या माणसाची मला किळस येते, आजही येते. पण त्याची थट्टा करायलासुद्धा मी तो सूर वापरला नसता. कुणाच्यातरी घरी रेडिओभोवती माणसं रडत बसली असतील, त्यांच्यासाठी कमावलाय तो. फुकटात नाही आला."

"बाई, सर मला केंद्रप्रमुख..." हे बोलताना रुचिराला स्वतःचाच इतका तिटकारा येतो, की वाक्य तोंडातच आंबतं.

"माझ्या रेकॉर्डिंगमध्ये 'नाही' हा शब्द किती ठिकाणी होता गं?"

"पुष्कळ ठिकाणी."

"स्वच्छ होता?"

"एकदम स्वच्छ, बाई."

"मग तो का नाही उचललास?"

टाळ्या वाढतात. सभागृहाची जमीन चिकट होत जाते, आणि बाई पुढे येऊन तिचा कान धरतात. नखं रुतवून धरतात आणि कचकन पिळतात. "बोलणारीने आधी याने ऐकायचं असतं," त्या म्हणतात.

रुचिरा ओरडून जागी होते. स्टुडिओत उजेड आहे, भिंतीवरचे ट्रे रिकामे आहेत. चार वाजायला थोडासाच वेळ उरलाय. घसरलेला हेडफोन पुन्हा चढवून ती ते रेकॉर्डिंग एकदा ऐकते. नाव येतं, आवाज खाली जातो. मग ती फाइल पुसते, तिचे तुकडेही पुसते, एकसुद्धा मागे ठेवत नाही.

कुंटे सर दार ढकलून आत येतात. "झालं का गं? दादासाहेबांची माणसं ऐकायला बसलीत."

"पुसलं, सर. जाणार नाही ते."

"पुसलं?" सरांचा चेहरा लालबुंद होतो. "अगं, कोणाला विचारून?"

रुचिराचा कान ठणकतोय. ती पाळीला हात लावते तर बोटाला रक्त येतं. नखाची एक चंद्रकोर पुढे, एक मागे, दोन्ही खोल आणि ताज्या. तिची स्वतःची नखं तर कुरतडून कुरतडून मांसाला भिडलेली आहेत.

"बाईंना," ती म्हणते.