दुसरं रडणं

आर्वी गाव मागे पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि योगराजच्या तोंडाला अजून खंड नव्हता. चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेली माणसं हायवेच्या कडेने पांगली होती. सुलक्षणा आणि तो दोघे मागे रेंगाळत होते. अमळनेरच्या एकाच गल्लीतले दोघं. ती चार वर्षांनी मोठी, म्हणून लहानपणापासून तो तिला अक्का म्हणे.

बत्तीस वर्षं त्याने कॅमेरा धरला. सुरुवात लग्नांपासून. पाठवणीच्या वेळी तो नवरीला हळूच सांगे, "आता आईच्या गळ्यात पडा." ती पडे. कॅसेट बघताना घरचे डोळे पुसत आणि याची तारीफ करत. मग जळगावला केबलवरच्या बातम्या, मग मुंबईच्या चॅनलांचा जिल्ह्यातला माणूस. पिशवीत सात चॅनलांचे बूम, म्हणजे नाव छापलेले ते माइकचे ठोकळे. सातही यानेच दोन मुठींत धरायचे. समोरचा पुढारी सात चॅनल आल्यासारखा फुगायचा. पुढे चॅनलांनी पाठ फिरवली, तेव्हा तो धुळ्यात एका मालकाच्या ऑनलाइन बातम्या काढून देऊ लागला.

"बघते मी तुमचं कधी कधी," सुलक्षणा म्हणाली. "कोबीचा भाव पडला तरी 'थरकाप उडेल'."

"थरकाप नसला तर लोकांचं बोट थांबत नाही, अक्का." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "प्रमिलाबाईला ओळखतेस तू."

"कोण प्रमिलाबाई?"

"नाव नसेल माहीत. तोंड माहीत आहे. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, ऊर बडवतेय."

माहीत होतं. जामनेरला वीज पडली, तीच बाई रडतेय. घाटात गाडी उलटली, तीच बाई रडतेय. हिची एकटीची किती माणसं गेली असतील, म्हणून सुलक्षणाने एकदा दिवा लावताना तिच्यासाठी हातही जोडले होते.

"एकच गेला," योगराज म्हणाला. "समाधान. एकोणीस वर्षांचा, शेततळ्यात बुडाला. पारोळ्याजवळचं गाव. मी पोचलो तेव्हा बाई आकांत करत होती. सगळं घेतलं. मग बघतो तर माइकचं बटण बंदच. चित्र आहे, आवाज नाही."

"मग?"

"मग तिच्याजवळ गेलो. म्हटलं, माय, आवाज आला नाही. एकदा परत."

सुलक्षणाचे पाय जागीच थांबले.

"तिला वाटलं, पंचनाम्यातलंच काही सरकारी असेल. तिने डोळे पुसले, पदर नीट केला अन् मला विचारलं, 'कथाईन सुरू करू, भाऊ?' कुठून सुरू करू, म्हणे. मी म्हटलं, पोराला नावाने हाक मारा, तिथून."

"अन् तिने मारली?"

"मारली. पहिल्यापेक्षा चांगली आली."

तो 'चांगली' शब्द ऐकला आणि सुलक्षणा रस्त्याच्या कडेला वळली. तिने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि त्याच्यापासून चार हात लांबूनच चालू लागली.

"देवीच्या वाटेवर आहे म्हणून शिवी देत नाही तुला."

"दे ना. मालकाने तर शाबासकी दिली होती, अन् मग कुणी कुठेही मेलं की तेच रडणं लावायला सांगितलं."

दोन महिन्यांपूर्वी प्रमिलाबाईने कुठून तरी त्याचा नंबर मिळवला होता. पुनमच्या, तिच्या मुलीच्या, सासरी लोक बोलू लागले होते, तुझी माय पैसे घेऊन रडते. "भाऊ, मनं तोंड काढी टाक ना त्या मोबाईलमाईन," माझं तोंड तेवढं काढून टाक, एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांत काढतो, असं याने सांगितलं, आणि काढलंही. मालकाचा लगेच फोन. "आपलं चालणारं एकच रडणं, तेच काढलंस? परत टाक, नाहीतर येऊ नको." हा परत कामावर गेला नाही. पण शोधायला बसला तर तेच रडणं दुसऱ्यांनी उचलून साठ ठिकाणी लावलेलं. एकाने तर खाली गाणं जोडलेलं. याने तक्रारी केल्या, दोन उतरले. बाकीचे कुणाचे, तेही कळेना.

"हे तिला सांगितलंस?"

"नाही. फोन उचलत नाही मी तिचा."

"वा रे मर्दा! रडवायला तोंड होतं, सांगायला नाही."

"परतताना जाणार आहे तिच्या दारात. पुनमच्या सासरीही जाईन, तिने पैसा घेतला नाही, मीच रडवलं, म्हणून सांगेन."

"जा मग."

सुलक्षणाने मनात देवीचं नाव धरलं, पण मध्येच ते 'कथाईन सुरू करू' कानात येई आणि नाव तुटे.

"अक्का, अजून एक आहे," तो म्हणाला. "जायचं ठरवलं ना, तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू? दार उघडतं, बाई समोर, मी खाली वाकतो. वर मथळा, 'पत्रकाराने धरले माउलीचे पाय'. शूट करायला फोन कुठे टेकवायचा तेही ठरवून झालं. तुळशीच्या आडोशाला." तो रस्त्याकडेला थुंकला. "किळस येते मला माझी. पण त्या घडीला हात शिवशिवतील, मला माहीत आहे."

तो चार हातांचं अंतर ओलांडून तिच्या जवळ आला.

"तू चल माझ्याबरोबर. पारोळ्याला एसटीतून उतरलो की माझा फोन काढून घे. हात जोडले, कामाचा फोन आहे म्हटलं, तरी देऊ नको, अक्का."