भरल्या घराचं लायसन

आमच्या ह्यांना मोटार हाकता येते, ही गोष्ट मला लग्नाआधी कुणी सांगितलीच नाही. सांगितली असती तर मी खाली मान घालून, लाजत-बिजत बसलेच नसते. सरळ हो म्हणून मोकळी झाले असते.

कळंबचं सासर म्हणजे भरलेला बाजार. दीर, जावा, त्यांची लेकरं, आला-गेला, आणि एवढ्या सगळ्यांत चूल एकच. त्या चुलीवर राज्य सासूबाईंचं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. बाई मनानं वाईट नव्हती, पण चहात गूळ किती टाकायचा तेसुद्धा त्यांना विचारून टाकायचा. मला तर अस्सा संताप यायचा! वाटायचं, आपली म्हणून एक चूल असावी, मग तिच्यावर काहीही करपू दे.

हे तेव्हा जहागीरदारांची लहान मोटार चालवायचे. जर्मनची लढाई संपली आणि जहागीरदारांनी कुठून तरी फौजेतली जुनी लॉरी आणली. निजामाच्या राज्यात त्यांची गावं लांब लांब पसरलेली. दौऱ्यावर गेलं की चावडीत मुक्काम, आणि चावडीतले ढेकूण सरकारी, कुणाचीच भीडमुर्वत न ठेवणारे. जहागीरदार वैतागले. म्हणाले, आता मी घरच बरोबर नेतो. सुतार बसवले आणि लॉरीवर लाकडाचं घर बांधून घेतलं. पुढं त्यांची निजायची खोली, तिला झडपांच्या खिडक्या. मागं स्वैपाकाची खोली, त्यात फळ्या, पत्र्यावर मातीनं लिंपलेली चूल, आणि दाराला आतनं कडी.

मी ती कडी बघितली आणि माझा जीवच अडकला तिच्यात. आमच्या घरात आतनं कडी लावून बसायची सोय कुणालाच नव्हती.

जहागीरदार ह्यांना म्हणाले, "ही गाडी तू हाकायची. दौऱ्यावर स्वैपाक तुझ्या बायकोनं करायचा. दौरा नसेल तेव्हा गाडी येडशीच्या आमराईत उभी करा आणि दोघं तिच्यातच राहा." त्या दिवशी माझ्या हातून भाकरी अशा फुगल्या की धाकट्या जावेनं विचारलं, "काय गं, माहेराहून सांगावा आलाय व्हय?"

पण मधी लायसन आडवं आलं. ह्यांचं लायसन होतं हलक्या मोटारीचं. हे धाराशिवला कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनालाच कळेना की हे प्रकरण बसवायचं कुठं. त्यानं विचारलं, "गाडी आदमी की है या माल की?"

हे म्हणाले, "दोन्हीची."

"अंदर क्या क्या है?"

"पलंग हाय, फळ्या हायत, चूल हाय."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "मियाँ, ये गाडी नहीं, मकान है. मकान का लायसन इधर नहीं मिलता."

शेवटी आतून साहेब बाहेर आले. त्यांनी निकाल दिला की आत चूल असो नाही तर मशीद असो, सरकार बघतं वजन. गाडी जड तर लायसन जड गाडीचंच पाहिजे. आणि इम्तिहान रिकाम्या गाडीवर होणार नाही. "जैसा चलने वाली है, वैसा पूरा घर भर के लाव." साहेब आठवड्याभरानं येडशीला दौऱ्यावर येणार होते, तिथंच हजर व्हायचं ठरलं. इकडं जहागीरदारांनी बजावलं, "या खेपेला लायसन मिळालं तर बरं. नाही तर मी सोलापूरचा ड्रायव्हर ठेवतो." म्हणजे माझी चूल, माझी कडी, सगळं सोलापूरच्या बाईला! मी त्या न बघितलेल्या बाईशी मनातल्या मनात चार दिवस भांडले.

मग आम्ही घर भरलं. जातं चढवलं, पाटा चढवला, हंडे भरून ठेवले, ज्वारीची पोती रचली, जहागीरदारांची लोखंडी ट्रंक घातली. मी चुलीशेजारी बसले आणि हुश्श करणार, एवढ्यात आत्याबाई लुगड्याचा ओचा सावरत मागच्या पायऱ्या चढायला लागल्या. हातात तांब्या, कमरेला गुळाची पुरचुंडी.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही कुठं?"

"साहेबानं भरलं घर आणाया सांगितलंय न्हवं? मग भरल्या घरात म्हातारं माणूस नको व्हय?"

झालं, कपाळ माझं! शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसनवाला पाहिजे म्हणून कापसाच्या जिनिंगमधला एक म्हातारा ड्रायव्हर ह्यांच्याजवळ बसला. तो कळंबपासून येडशीपर्यंत निवांत झोपला होता. त्यावरून मला वाटलं, हे गाडी बरी चालवत असावेत.

साहेब ठेसनाजवळच्या उतारावर उभेच होते. अंगानं काटकुळे, एवढ्या उन्हात शेरवानीची सगळी बटणं लावलेली, तोंडावर हसू म्हणून नाही. म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांनी लिंबाखाली बसवलं, स्वतः ह्यांच्या शेजारी चढले आणि म्हणाले, "चलाव." गाडी निघाली. वळली, थांबली, चढ चढली, उतरली. माझे हंडे हिंदकळले, पण सांडले नाहीत. मी मनातल्या मनात येडशीच्या रामलिंगाला नारळ बोलले.

मग साहेब म्हणाले, "पीछे लेव."

ह्यांनी गाडी सरळ रेषेत मागं घेतली आणि उभी केली. आता पुढं जायचं, तर आत्याबाईंनी मधल्या फळीवर धाडधाड बुक्क्या मारल्या. "थांब रं! खाली उतर!"

आमच्याकडची रीत ठाऊकच असेल. कामाला निघालेल्या माणसानं माघारी यायचं नसतं. आलाच, तर घटकाभर खाली बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. तसंच पुढं गेलं तर काम फिसकटतं. ही रीत पायी जाणाऱ्याची, फार तर बैलगाडीची. मोटारीच्या रिव्हर्सला ती लागू करणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही.

आणि हे! आईनं हाक मारली की बैलासारखे उभे राहणारे हे! ब्रेक ओढला, खाली उतरले, चाकामागं दगड लावला आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले. आत्याबाईंनी गुळाचा खडा हातावर ठेवला, वर पाणी पाजलं. साहेब वरून बघतच राहिले. "क्या चल रहा ये?"

"माघारी आलाय न्हवं त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "आता जावा खुशाल."

साहेबांनी पुन्हा मागं घ्यायला सांगितलं, या खेपेला वळणावर. ह्यांनी घेतली. पुन्हा बुक्क्या, पुन्हा ब्रेक, पुन्हा दगड, पुन्हा गूळ-पाणी. तिसऱ्यांदा तर हे आपणहून उतरून बसले. साहेबांचा चेहरा लालेलाल झाला. "ये इम्तिहान है या शरबत की दावत?"

तिथं माझा तोल सुटला. साहेब समोर आहेत, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय, कशाचं भान राहिलं नाही. मी ओरडले, "आत्याबाई, तुम्हाला आम्ही जायलाच नकोय! म्हणून चाललंय हे सगळं! सरळ सांगा ना, लेक सोडवत नाही म्हणून!"

आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला. "न्हायच सोडवत," त्या म्हणाल्या. "पोटचा हाय, कसा सोडवंल? पर आडवं यायचं असतं तर म्या पाणी पाजलंच नसतं. तसंच जाऊ दिलं असतं त्याला पुढं."

मी पदर तेवढा डोक्यावर घेतला.

साहेब खाली उतरले. आता हाकलून देणार, असं मी धरूनच चालले. पण त्यांनी शेरवानीची बाही वर सारली. दंडाला हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली होती, तिच्यात नाणं गुंडाळलेलं. "हमारी अम्मी," ते आत्याबाईंना म्हणाले. "हर दौरे पे बांधते. नक्को बोले तो रोते." मग ते गाडीच्या मागं गेले, वाकून चाकाखालचा दगड बघितला, बुटानं हलवून बघितला. दगड जागचा हलला नाही.

ह्यांना विचारलं, "उतरते बखत हर बार पत्थर लगाया तू. कौन सिखाया?"

हे गोंधळले. "शिकवायचं काय त्यात, साहेब? बैलगाडीला लावतोच की."

साहेबांनी मग सांगितलं की आदल्या मुक्कामावर एक बहाद्दर भरलेली लॉरी उतारावर तशीच सोडून पान खायला उतरला होता, आणि लॉरी त्याच्याआधी ओढ्यात जाऊन बसली. आगे तो सब चलाते, ते म्हणाले, भारी गाडी खडी करना आना चाहिए. आत्याबाईंच्या रितीपायी हे तीनदा उतरले नसते, तर ही गोष्ट साहेबांना दिसलीच नसती. लायसन मंजूर झालं. आत्याबाईंनी मग साहेबांच्याही हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो घेतला, पाणी प्यायले, आणि आम्हाला पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

निघायचा दिवस आला. मी पहाटेच न्हाऊन तयार. जावांनी ओटी भरली, लेकरं चाकांभोवती नाचली. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. गाडी हलली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, म्हणून कुणी काही बोललं नाही. मी तर मागच्या खोलीत शिरून आधी कडी लावून बघितली, काढून बघितली, परत लावली. काय सुख होतं म्हणून सांगू!

वेशीजवळ गाडी थांबली. मला वाटलं, म्हैस आडवी आली. तर गाडी कण्हत-कुथत मागं यायला लागली. अख्खी गल्ली मागं आली, एका भिंतीला न घासता, थेट आमच्या दारापर्यंत. मी कडी काढून डोकं बाहेर काढलं. "अहो, काय विसरलं?"

ह्यांनी ब्रेक ओढला, उतरले, चाकाखाली दगड लावला आणि जाऊन उंबऱ्यावर बसले.

आत्याबाई घाबऱ्या झाल्या. "काय ऱ्हायलं रं?"

"काय न्हाय, माय. माघारी आलो न्हवं? पाणी दे."

आत्याबाई आत गेल्या, त्या लवकर बाहेरच येईनात. आल्या तेव्हा तांब्यातलं पाणी निम्मं हातावर सांडलेलं होतं. ह्यांना पाजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू बी ये. तुला काय येगळं सांगायचं?" मी उतरले, ह्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला. तो मी गालात तसाच धरून ठेवला.

पुन्हा निघालो. पुन्हा कुणी हाक मारली नाही. मी खोलीत गेले, पण दाराची कडी काही लावली नाही, दारातच बसून राहिले. गल्ली संपेपर्यंत उंबऱ्यातलं लुगडं दिसत होतं. वेस आली आणि मी मधल्या फळीवर बुक्की मारली.

"अहो," मी म्हटलं, "गाडी जरा मागं घेता का?"