सातवी वाटी

ट्रॉयच्या आमच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे. त्याला आम्ही द्यायघ्यायचं कपाट म्हणतो. मिशिगनमधल्या बहुतेक मराठी घरांत असं एखादं कपाट असतं, कुणी कबूल करत नाही इतकंच. वास्तुशांतीला, मुंजीला, बेबी शॉवरला आलेली आणि आपल्याला नको असलेली वस्तू त्यात जाते आणि पुढच्या कुणाच्या तरी कार्यक्रमाला बाहेर पडते. मी दिलेली एक फोटोफ्रेम अशीच घराघरांतून फिरून शेवटी माझ्याच हातात आली होती. तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की मला हसू येत नाही.

आमची लेक नोकरीसाठी कोपनहेगनला गेली आणि तिथल्याच एका मुलाच्या प्रेमात पडली. मुलगा चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच शंका नको. गेल्या उन्हाळ्यात तो आणि त्याचे आईवडील आम्हाला भेटायला ट्रॉयला आले, लेकीला मात्र रजा मिळाली नाही. तीन दिवस राहिले. त्या तीन दिवसांत मी काय केलं? स्वयंपाक. पुरणपोळ्या, अळूवड्या, मसालेभात, ओल्या नारळाच्या करंज्या. त्यांना सोसतील का, आवडतील का, हा विचार नंतरचा. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही आमच्या घरचं आतिथ्य कसं असतं ते त्यांना दिसलं पाहिजे, ही माझी हौस.

तो मुलगा तिकडे बैठकीत ह्यांच्याशी गप्पा मारत बसे, त्याचे वडीलही. त्याची आई मात्र सारखी उठून स्वयंपाकघराच्या दारात यायची. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, कमी बोलणारी बाई. ‘काही मदत करू का?’ विचारायची. मी म्हणायची, ‘नाही नाही, तुम्ही बसा.’ ती बसायची नाही, दारातच उभी राहून बघायची. ओट्यावरचा माझा मिसळणाचा डबा, नेहमीचा स्टीलचा, आत सात वाट्या असलेला, तिनं एकदा हातात घेऊन बघितला आणि काहीतरी विचारलं. कढईत पुऱ्या होत्या. ‘मसाला, मसाला,’ एवढंच सांगितलं मी. झालं आमचं संभाषण.

निघताना तिनं खाकी कागदात बांधलेला, सुतळीची गाठ मारलेला एक खोका माझ्या हातात दिला. मी दोन्ही हातांनी घेतला, ‘कशाला आणलंत’ म्हटलं आणि बाजूला ठेवला. पाहुण्यांसमोर भेटवस्तू उघडायची नाही, हावरटपणा दिसतो, हे आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. ते गेल्यावर उघडू म्हटलं. ते गेल्यावर माझी पाठ धरली, मी दोन दिवस झोपून होते, आणि कुणीतरी, बहुधा मीच, तो खोका जिन्याखालच्या कपाटात सरकवला.

लेकीचा फोन आला. ‘आई, गिफ्ट आवडलं?’

‘अगं, फारच सुंदर आहे,’ मी म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं.

‘रिअली? शी विल बी सो हॅपी!’ तिच्या आवाजात एवढा आनंद का होता, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मी ते कपाट उपसलं. कुठलं कुणाचं ते न बघता सगळी पार्सलं उघडून आत काय आहे ते पाहिलं, जुने कागद फेकले, वस्तू पुसून पुन्हा लावल्या. त्यात चिनी मातीचा एक मिसळणाचा डबा निघाला. करड्या निळ्या रंगाचा, जड झाकणाचा, आत सात छोट्या वाट्या. बुडाशी छोट्याशा माशाचा ठसा होता. मला वाटलं कंपनीचा शिक्का असेल. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत हल्ली असल्या शोभेच्या वस्तू मिळतात, आणि तिथे राहणारी माझी एक मैत्रीण दर वेळी काहीतरी घेऊन येते. तिनंच दिला असणार, म्हटलं. चिनी मातीचा मिसळणाचा डबा! वापरायचा कुणी? फोडणीच्या घाईत हातातून निसटला की संपलं. ठेवून दिला.

यंदा जूनमध्ये आम्ही कोपनहेगनला जायचं ठरलं. लग्नाची तारीख तिथे सगळ्यांनी बसून ठरवायची होती. लेकीनं फोनवर बजावलं होतं, ‘आई, त्यांना तुम्ही थोडे डिस्टंट वाटलात. प्लीज, या वेळी तिच्याशी बोल.’ मला राग आला. तीन दिवस राबले आणि म्हणे डिस्टंट! पण मनातून घाबरलेही. विहीणबाईंना काहीतरी आपल्याकडचं, मनापासूनचं द्यायचं ठरवलं. चांदीचा कुंकवाचा करंडा घेतला, पैठणी काठाची ओढणी घेतली. आणि ‘तिला आपला मिसळणाचा डबा बघायचा होता ना?’ असं माझं मलाच आठवलं, तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. केबिन बॅगेतले कपडे कमी केले, पण कपाटातला तो चिनी मातीचा डबा तिच्यातच मऊ शालीत गुंडाळून नेला.

त्यांचं घर कालव्याजवळ आहे. संध्याकाळचे सहा वाजलेले, ऊन मात्र आपल्याकडच्या दुपारचं. खिडकीत तरीही मेणबत्त्या लावलेल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांचे छोटे लाल-पांढरे झेंडे मांडले होते. घरात आनंदाचं काही असलं की मांडतात, असं लेकीनं सांगितलं. आम्ही मासेमांस खात नाही म्हणून बाईंनी आमच्यासाठी शेपू घातलेले कोवळे बटाटे, शतावरी, काकडीची कोशिंबीर, राय धान्याचा काळसर ब्रेड, असं सगळं वेगळं केलं होतं. आणि ती आमच्यात बसली होती. जेवण मांडून, खुर्ची ओढून, आमच्याकडे बघत.

आमच्या भेटी तिनं तिथेच, सगळ्यांसमोर उघडल्या. करंडा बघून हसली, ओढणी लगेच खांद्यावर घेतली. मग डबा काढला, झाकण उचललं आणि तशीच थांबली.

मला वाटलं, हे काय आहे ते तिला कळलं नाही. मग मी सुटलेच. लेकीनं बोल म्हणून सांगितलं होतं ना! म्हटलं, हा आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरातला डबा. ह्या वाटीत मोहरी, ह्यात जिरं, ह्यात हळद. भारतात हे हजारोंनी बनतात, सगळे मशीनवर. त्यातली एक वाटी जरा वाकडी होती, ती उचलून मी म्हटलं, ‘ही एवढी बिघडलीय, सॉरी. मशीनचं असं होतं.’

आमचे हे मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी तपासत होते. त्यांनी चष्मा वर करून वाटी बघितली आणि म्हणाले, ‘ही इन्स्पेक्शनमध्ये रिजेक्ट व्हायला हवी होती.’

टेबलाखालून लेकीनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, मी फार बोलतेय. तो मुलगा ताटलीत बघत होता.

बाईंनी वाटी माझ्या हातून घेऊन जागेवर ठेवली. शांतपणे म्हणाल्या, ‘कुठली वाटी कशासाठी, ते पुन्हा एकदा सांगाल?’

मी पुन्हा एकदा सांगितलं. सातही वाट्या. तारखेचा विषय त्या जेवणात निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आम्हाला गाव दाखवायला निघाली. बंदरावरच्या रंगीत घरांची रांग, पुढे नांगरलेली जुनी लाकडी जहाजं, कालव्यातली सपाट होडी. होडी पुलाखालून जाताना कुणी उभं राहू नका, असं ती गाइड मुलगी सारखी ओरडत होती आणि आमचे हे दर पुलाला फोटोसाठी उठत होते. खडकावरच्या जलपरीचा पुतळा इतका लहान निघाला की ‘एवढीशी?’ म्हणून मी मोठ्यानं हसले. लेक हसली नाही. सबंध दिवसात ती आमच्याशी रस्ता दाखवण्यापुरतंच बोलली. दुपारी पाण्याकाठी जेवलो, पावाच्या एकाच तुकड्यावर रचलेलं ते जेवण सुरीकाट्यानं खाताना माझी तारांबळ उडाली, तरी ती काही म्हणाली नाही. एरवी तिनं माझी भरपूर फिरकी घेतली असती.

मैत्रिणींसाठी काहीतरी घ्यायचं होतं. एका गल्लीत मातीच्या भांड्यांचं छोटं दुकान दिसलं. लेक म्हणाली, ‘इथे नको, आई. लेट्स गो.’ मी ऐकते थोडीच? आत शिरले. शेल्फवर कप, ताटल्या, वाडगे. करडा निळा रंग. मी एक कप उचलला आणि सवयीनं उलटा करून बघितला. खाली छोटासा मासा होता.

दुसरा उचलला. मासा. गल्ल्यामागच्या भिंतीवर फोटो होता, कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या हातांचा. पांढरे आखूड केस, उंच बाई. दुकानातली मुलगी हसतमुखानं म्हणाली, ‘ह्या बाई आधी शाळेत शिकवायच्या. आता स्वतःच सगळं करतात, एकेक वस्तू हातानं.’

मी कप ठेवला. बाहेर आले आणि कालव्याच्या दगडी काठावर बसले. हजारोंनी बनतात. मशीनचं असं होतं. माझाच आवाज मला ऐकू येत होता, आणि त्यातला तो शिकवण्याचा सूर.

‘तू मला सांगायचं नाही का?’ मी लेकीवरच ओरडले. लाज वाटली की मी आधी रागावते, ही माझी जुनी खोड.

‘मी काय सांगणार? ते सरप्राइज होतं! त्याआधी मी घरी आले होते तेव्हा तिनं मला तुझ्या डब्याचे फोटो आणि तू फोडणी करतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितलं, मेझरमेंट्स घ्यायला लावली. किती वेळा तिचं चुकलं, वाट्या भट्टीत तडकल्या. आणि तू म्हणालीस, फार सुंदर आहे.’ ती रडत होती. ‘आई, डिड यू इव्हन ओपन इट?’

मी पर्समधला रुमाल काढून तिला दिला.

‘काल तुम्ही गेल्यावर तिनं मला विचारलं, दे आर गिव्हिंग इट बॅक, दे डोन्ट वाँट धिस मॅरेज, राइट? आणि तुला काही सांगायचं नाही असं प्रॉमिस घेतलं. तुला वाईट वाटेल म्हणून.’

आपल्याकडे सोयरीक मोडली की दिलेल्या वस्तू परत जातात. डेन्मार्कच्या बाईला ही रीत कुणी शिकवली नव्हती, तिला ती आपोआप कळली होती. लेकीचं लग्न मी माझ्या हातांनी, शालीत गुंडाळून, परत करून आले होते.

रात्री हॉटेलात ह्यांनी तोडगा काढला. ‘सांगू की गंमत केली. ह्यूमर आमचा असाच असतो म्हणावं.’ मी दिवा घालवला. ते कुशीवर वळले.

सकाळी मी एकटीच त्यांच्या घरी गेले. बाई ॲप्रन बांधून दारात आल्या. काय बोलायचं ते वाटेत इंग्रजीत जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. दिलेली वस्तू परत मागण्याइतका निर्लज्जपणा आमच्यात दुसरा नाही. मी म्हटलं, ‘मला माझा डबा परत हवाय.’ मग सगळं सांगितलं. कपाटाचं, वेळेवर न उघडलेल्या खोक्याचं, लेकीशी खोटं बोलल्याचं. तुम्ही आमच्या घरी तीन दिवस होतात आणि मी तुम्हाला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, तुम्ही काय करता एवढाही नाही. लग्न आम्हाला हवंय. फार हवंय. मी रडले, नाक पुसायला रुमालही सापडेना.

त्यांनी मला मिठी मारली नाही. काही हरकत नाही, असंही म्हणाल्या नाहीत. ‘मला वाईट वाटलं,’ एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन डबा घेऊन आल्या. झाकण काढून टेबलावर ठेवला. मग त्यातली वाकडी वाटी उचलून घेतली.

‘ही मी ठेवते,’ त्या म्हणाल्या. ‘ही तुम्हाला बिघडलेली वाटली होती. ही मी सगळ्यांत शेवटी केली. तुम्ही चिमूट कशी घेता ते मी तुमच्या लेकीच्या व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून तुमच्या अंगठ्यासाठी कड तिथे दाबली.’

नाही, तीच मला द्या, असं म्हणायला हवं होतं. मी सहा वाट्यांचा डबा छातीशी धरून जिना उतरले.

लग्न सप्टेंबरात आहे. तारीख त्याच दिवशी दुपारी ठरली, त्यांनीच फोन करून ठरवली. आम्ही दोघी आता दर रविवारी व्हिडिओवर बोलतो. मी प्रश्न विचारते, त्या थोडक्यात उत्तरं देतात. त्यांच्या मागे खिडकीत ती वाटी दिसते. आत काही ठेवलेलं मी अजून पाहिलं नाही.

स्टीलचा डबा मी वर ठेवून दिला. आता फोडणी ह्या डब्यातूनच करते, दोन्ही हातांनी झाकण उचलून. मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणेपूड, मेथ्या. हिंगाची डबी बाहेर असते. स्वयंपाकघरात आलेली प्रत्येक मैत्रीण डब्यात डोकावते, केवढा सुंदर म्हणते, आणि मग हमखास विचारते, ‘अगं, एक वाटी फुटली का?’

‘नाही, फुटली नाही,’ मी म्हणते, आणि कढईत चमचा फिरवत राहते.