कळलं होतं, पटलं नव्हतं

वर्गात शिरल्यावर मॅडम आधी खडू उचलत नसत. भिंतीला तळहात लावून क्षणभर थांबत आणि म्हणत, "तापलीय. जरा दूर बसा." खिडकीकडची मुलं हसत हसत बाकं मध्ये ओढायची, मग तास सुरू व्हायचा.

लातूरच्या त्या क्लासमध्ये त्या फिजिक्स शिकवायच्या आणि मी केमिस्ट्री. तुम्ही कधी लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून लातूरला आणून सोडलं असेल, तर असा क्लास पाहिलाच असेल. खाली झेरॉक्सचं दुकान, मधल्या मजल्यावर अभ्यासिका, सगळ्यात वर पत्र्याचा लांबलचक हॉल. मी मुदखेडचा, मॅडम उदगीरच्या. लिंगायत घर, किराण्याचं दुकान. चिडल्या की तोंडातून आधी कानडी यायचं, मराठी मागून.

उष्णतेचा धडा आला की त्यांची गाडी हमखास रुळावरून उतरायची. पृथ्वी तापतेय हे माणसाला कळलं कसं, ते त्या सांगायला लागायच्या. फ्रान्समधल्या एका गणित्याला प्रश्न पडला, सूर्य इतका लांब असून पृथ्वीचा बर्फाचा गोळा का होत नाही? मग अमेरिकेतल्या एका बाईनं काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साईडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि निवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "तिचा निबंध सभेत वाचला कुणी? एका पुरुषानं," मॅडम म्हणायच्या आणि मुलींच्या बाकांकडे बघायच्या.

स्वीडनच्या शास्त्रज्ञावर तर त्यांचा फार जीव. कोळशाच्या धुरानं पृथ्वी किती तापेल, याचं गणित त्यानं हातानं, महिनोन् महिने खपून मांडलं. आणि उत्तर आल्यावर त्याला बरंच वाटलं, आपल्या देशातली थंडी कमी होईल म्हणून! "त्याचं काय चुकलं?" मॅडम म्हणायच्या. "थंडीनं बेजार माणूस तो. त्याला आपला मे महिना कुठं मालूम?"

पुढे इंग्लंडातला एक इंजिनिअर घरी बसून जगभरची तापमानं गोळा करत राहिला. पृथ्वी तापू लागली आहे असं त्यानं विद्वानांना सांगितलं. विद्वानांनी योगायोग म्हणून त्याची बोळवण केली. मग समुद्रातल्या एका बेटावर, उंच डोंगरावर, एकानं हवाच मोजायला घेतली. रेघ दरवर्षी वर. कुणी ध्रुवाकडचा बर्फ खोल खोल खणून त्यात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले. तेही तेच सांगू लागले. प्रत्येक माणसाशी थांबून मॅडमचं एकच वाक्य ठरलेलं, "कळलं होतं. पटलं नव्हतं."

"मॅडम, हे पेपरला येतंय का?" मागून कुणी तरी विचारायचंच.

"पेपरला न्हाई, अंगावर येतंय."

एकदा त्यांनी माझ्याकडून सोडा आणि व्हिनेगर नेलं, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साईड एका बाटलीत भरला, दुसरीत नुसती हवा, आणि थर्मामीटर लावून दोन्ही बाटल्या हॉलबाहेरच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. वायू भरलेल्या बाटलीतला पारा किंचित वर गेला. एक मुलगा म्हणाला, "फरक तर लई थोडा हाय, मॅडम."

"तुला ताप येतो तेव्हा पारा किती चढतो रे? तेवढ्यात तू अंथरूण धरतोस की न्हाई?"

एप्रिलमध्ये परीक्षा जवळ आली की ऐन दुपारी जादा बॅच लागायची. पत्र्याखाली पंखे गरम हवाच ढवळत राहायचे. बॅच सकाळी घ्या, असं सांगायला मॅडम संचालकांकडे गेल्या, तेव्हा मी बरोबर होतो.

"मॅडम, मराठवाड्याला ऊन नवं हाय का? आपण उन्हातच वाढलो की," संचालक म्हणाले. त्यांच्या केबिनमध्ये एसी होता.

"ऊन नवं न्हाई, सर. पण रात्र गार व्हायची, ती आता होत न्हाई. ही लेकरं भाड्याच्या खोल्यांतबी पत्र्याखालीच झोपतात. दिवसभर तापलेलं अंग निवायचं कधी?"

"बघू पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

त्याच महिन्यात, त्या बॅचमधून उतरताना कंधारकडची एक मुलगी जिन्यात कोसळली. अंग कोरडं, भट्टीसारखं. काही तरी बोलत होती, पण शब्द जुळत नव्हते. मॅडमनी पिण्याच्या पाण्याचा जार तिच्यावर ओतला, ओढणी भिजवून गुंडाळली, आम्ही रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती गेली. डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात सांगितलं, "उष्माघात. शरीर आतून तापत गेलं. बरेच दिवस चालू असणार."

तिचे वडील अंधार पडायच्या सुमाराला पोचले. साधा शेतकरी माणूस, पायात धुळीच्या चपला. संचालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीनं अभ्यासाचं लई टेन्शन घेतलं, दादा. काळीज कमजोर होतं तिचं."

वडील भिंतीला टेकून खालीच बसले. "म्हंजे माझ्यामुळंच," ते म्हणाले. "मीच म्हणलो तिला, डॉक्टर होऊन दाखीव. परवा फोनवर रडत व्हती, घरी येते म्हणली. मी रागावलो. मीच मारली की हो माझी लेक."

मॅडम त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या. संचालक दोन पावलांवर उभे होते.

"दादा, माझ्याकडं बघा. टेन्शननं न्हाई गेली ती. उन्हानं गेली. आम्ही तिला पत्र्याखाली बसवत होतो, भर दुपारी. खोलीतबी पत्राच होता. डॉक्टरला विचारा. तुमची लेक कमजोर नव्हती, आणि तुमच्या रागावण्यानं गेली न्हाई."

"मॅडम, काय बोलायलात तुम्ही?" संचालक ओरडले.

मॅडमनी मान वळवली नाही. वडिलांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "खरं सांगता?"

"खरं."

तेव्हा ते रडले. तोवर रडले नव्हते.

जूनमध्ये नव्या बॅचा लागल्या, मॅडमना बोलावणं गेलं नाही. लातूरच्या दुसऱ्या क्लासांचे दरवाजेही आपोआप बंद झाले. त्या उदगीरला गेल्या, घरी चार मुलींची शिकवणी घेऊ लागल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या शास्त्रज्ञांचा विषय काढला. त्या हसल्या नाहीत. "आता सांगत न्हाई, सर, ते," म्हणाल्या. "पूर्वी वाटायचं, पुरावा मिळाला की माणूस ऐकतो. आपल्या जिन्यात पुरावा पडला होता की. काय झालं?"

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या, पोटाच्या कर्करोगानं. उन्हानं नव्हे. तसं सांगितलं असतं तर गोष्ट नीट जुळली असती, पण मॅडमना ते चाललं नसतं.

गेल्या मे महिन्यात मी दुपारची बॅच संपवून खाली उतरलो, तर झेरॉक्सच्या दुकानापुढे ते वडील उभे होते. सोबत धाकटी लेक, शाळेच्या वयाची. त्यांना मॅडमना भेटायचं होतं. आता घरात पत्र्यावर कडबा टाकतो, म्हणाले, आणि सगळ्यांना अंगणात निजवतो. ते त्यांना सांगायचं होतं.

मॅडम आता नाहीत, असं मी सांगितलं.

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. "काय झालं व्हतं त्यांना?"

"कर्करोग."

"घरच्यांना नीट सांगितलं ना कुणी? उगं काही तरी न्हाई ना सांगितलं?"

"नाही. नीट सांगितलं."

"हाव, बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी रुमाल पाण्यात भिजवून, पिळून लेकीच्या डोक्याला गच्च बांधला. रस्त्यावर सावली कुठेच नव्हती. दुकानांच्या भिंती धरून दोघं स्टँडकडे निघाले, आणि वर हॉलमध्ये पुढची बॅच बसत होती.